सहा इंच

दुधाच्या हिशेबाची वही उलटी करून
मागच्या पानावर मी तीन रकाने आखले:
किंमत. बॅटरी. मराठी नीट दिसते का.
चौथा सुकुमारने आखला: पडल्यावर काय होईल.
घरात दोन पोरं. तोच रकाना सगळ्यात रुंद.

पैसे डब्यात होते.
ज्या जूनमध्ये फी भरली नाही
त्या जूनपासून थोडे थोडे टाकत गेलो.
डब्यावर चंदनानं चिठ्ठी चिकटवलेली: 'शाळा'.
समोरच्या शांताक्का अजून विचारतात,
"पोरं घरातच व्हय? आणि आता वाचायला मशीन?
मास्तरनं काय घोडं मारलंतं तुमचं?"
काही नाही, म्हणते मी. खरंच आहे ते.
सन्मतीच्या डोळ्यांपुढं ओळी हलायच्या
आणि वर्गात बावन्न पोरं होती,
एवढंच.

राजारामपुरीतलं दुकान. काउंटरवरच्या पोरानं दोन खोकी उघडली.
एक दहा इंची, पेनासकट, आमच्या डब्याच्या दुप्पट.
एक सहा इंची, कुणीतरी परत केलेलं,
कोपऱ्यावर ओरखडा.
सुकुमार उद्यमनगरात लेथवर असतो.
त्यानं खिशातून व्हर्नियर काढला
(दुकानात! मी पंख्याकडं बघत राहिले)
आणि जाडी घेतली: आठ पूर्णांक दोन मिलिमीटर.
"बॉडी चांगली आहे," म्हणाला,
पंपाचं कास्टिंग पास करावं तसा.

मराठी उघडून दाखव, म्हटलं.
मोठ्यावर 'विद्यार्थी' उघडला आणि त्याचे तुकडे पडले.
पाय मोडका द एकीकडे, य दुसरीकडे,
आणि रफार कुणाच्याच डोक्यावर नाही,
लग्नात आपला नवरदेव न सापडलेल्या फेट्यासारखा
मधेच लोंबकळत.
"अपडेट येईल, मॅडम."
येईल. तोवर पोरगं मिसरूड फुटून बसेल.

चंदना म्हणाली, "मला नको यातलं कुठलंच.
मी कागदाचंच वाचतो."
बारा वर्षांची आहे, कोल्हापूरची आहे,
'वाचते' म्हणायची नाही.
मी बार्शीहून आलेली, मला अजून गंमत वाटते.
तिच्या पुस्तकात खूण म्हणून केएमटीचं तिकीट असतं,
आणि कुठलं तिकीट कुठल्या पुस्तकात, तिला पाठ.

सन्मती लहानगं यंत्र घेऊन बाकावर बसला होता.
अक्षर मोठं करायची खूण त्याची त्यालाच सापडली.
दाबत गेला.
पानावरच्या वीस ओळींच्या नऊ झाल्या,
नवाच्या पाच,
मग अख्ख्या पानावर उरले चार शब्द:
विहिरीच्या काठावर एक मुंगूस
त्यानं वाचलं. खाली बोट न धरता.
पान उलटलं.
बसलं होतं. ते आत
पुन्हा उलटलं.
डोकावलं आणि त्याला वाटलं

चार शब्दांना हलायला जागा उरत नाही,
की इतकी उरते की हलावंसं वाटत नाही,
मला अजून कळलेलं नाही.
सुकुमारच्या हातातला व्हर्नियर उघडाच राहिला.

पोरगा म्हणाला, "एवढ्या मोठ्या अक्षरात
पुस्तक संपायचं नाही, मॅडम.
तीन हजार पानं होतील."
होऊ देत.
ओरखड्याचे तीनशे कमी करून घेतले.
बॅटरीचं विचारायचं राहूनच गेलं.

स्कूटरवर, उमा टॉकीजच्या सिग्नलला,
माझ्या पाठीशी तोंड लावून तो म्हणाला,
"आई, ते मुंगूस विहिरीत पडतं काय शेवटी?"
मला काय माहीत, म्हटलं,
मी अजून तिथवर पोचले नाही.

रात्री चंदनाच्या पांघरुणाखाली उजेड होता.
मी पाणी प्यायले आणि काही न बोलता झोपले.

सकाळी भांडण.
"माझं पान कुणी हलवलं?
अक्षर कुणी बारीक केलं?"
चंदना भाकरीत तोंड घालून गप्प.
आणि नव्या कव्हरच्या खाचेत
केएमटीचं एक तिकीट.